बुटकीची डावी बाजू

४ जानेवारी

आज बुटकी घरी आली. स्वतःच्या चाकांवर नाही, ट्रकच्या पाठीवर दोरखंडांनी बांधून. उतरवताना अख्खी गल्ली गॅलरीत. समोरच्या वकीलबाई म्हणाल्या, "भंगाराचा धंदा सुरू केलात की काय?" मी म्हटलं, "भंगार नाही, इटालियन आहे." त्यांना फरक कळला असेल असं वाटत नाही.

मलाही बघून धस्स झालं, इथे खोटं कशाला लिहू. दोन माणसं आणि एक पिशवी मावेल एवढी गाडी. टप माझ्या कमरेच्या जरा वर. मूळ रंग कोणता होता ते आता फक्त दारांच्या आतल्या कडेला कळतं. इंजिन मागे, तेही कुठल्याशा साध्या स्वस्त गाडीचं. पण वरचं अंग इटलीतल्या एका छोट्या कारखान्यात माणसांनी हातांनी ठोकून केलेलं. छप्पर मागे उतरत जातं ते एका ओघात, कुठे अडखळत नाही. बाबांचं पत्रे ठोकायचं दुकान होतं. त्यांनी ही कुणाकडून तरी घेतली आणि उद्या करू, परवा करू म्हणत कोपऱ्यात ठेवली, ती ठेवलीच. बाबा गेल्यावर दुकान धाकट्या भावाला आलं, बुटकी मला.

इतकी वर्षं मी तिच्याकडे बघितलं नाही, कारण मला गाडीची कमी नव्हती. शाळेची बस होती माझ्याकडे. गेल्या वर्षी त्याच बसच्या पायरीवरून पडले, गुडघ्यात स्टीलची पट्टी घातली, आणि शाळेने निरोप देऊन टाकला. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. घड्याळ! म्हणजे आता घरी बसा आणि वेळ बघा.

आणि वर वाहन कार्यालयातल्या त्या बाई. डॉक्टरने डाव्या पायाबद्दल काहीबाही लिहिलंय, म्हणून लायसन पुन्हा हवं असेल तर चाचणी द्या, स्वतःची गाडी आणा, मार्च संपायच्या आत. नाहीतर लायसन रद्द. त्यांना वाटलं असेल, ही कुठून गाडी आणणार. आणली की नाही?

शिंपीबुवांनी पुढच्या खोलीतून, मशीनवरून न उठता, मान तेवढी बाहेर काढली. नवरा म्हणून बरे आहेत, शिंपी म्हणून फारच चांगले, पण हिंमत म्हणाल तर सुईच्या नाकातून जाईल एवढी.

"टॅक्सी मिळते की गं हल्ली, कधीही."

"आणि मी मागे बसू?"

"लोक बसतात मागे."

"लोक बसतात. मी नाही."

मान परत आत गेली.

९ जानेवारी

ठोक्या आला होता. माझा धाकटा भाऊ. लहानपणी घरातली सगळी पातेली ठोकून ठोकून वाकडी केली, म्हणून ठोक्या. आता लोक त्याला ठोकायचे पैसे देतात.

गाडीखाली सरपटत गेला, बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "होईल, ताई. खालून गंज आहे, पण अंग धडधाकट आहे. एक सांगू का? क्लचची तार हातावर घेऊ. गिअरच्या दांड्याला एक मूठ लावतो, स्कूटरला असते तशी. मूठ आवळली की क्लच दाबला. डावा पाय लागणारच नाही."

माझ्या डोक्यात तिडीकच गेली.

"मी काय लुळी आहे?"

"मी असं म्हटलं का?"

"तुझ्या तोंडावर लिहिलंय."

"तोंडावर ग्रीस आहे, ताई."

मी सांगितलं, गाडी होती तशीच होणार. पॅडल म्हणजे पॅडल. अख्ख्या शाळेची पोरं वाहिली मी त्या क्लचवर, तो बसचा क्लच, हा बाहुलीचा. ठोक्या चहा न घेताच गेला. जाऊ दे. एवढा मोठा झाला, पण समोरच्याचं ऐकून घ्यायला अजून शिकला नाही.

शिंपीबुवांनी जिन्याच्या मध्यावर स्टूल आणून ठेवलंय. कशाला, काय माहीत. दोनदा अडखळले त्याला. आता ठेवलंच आहे म्हणून येता-जाता जरा टेकते.

१४ जानेवारी

गाडीत बसून क्लचचा सराव केला. पाय वाकतो, चांगला वाकतो. पॅडल तळापर्यंत गेलं. मांडीवर दोन्ही हातांनी जरा जोर द्यावा लागला, पण गेलं.

शिंपीबुवा खिडकीत उभे राहून बघत होते. म्हटलं, काय बघताय?

"काही नाही. गिअर कोणत्या हाताने टाकणार?"

कपडे शिवणाऱ्या माणसाला गाडीतलं काय कळतंय!

२१ जानेवारी

आज एक गृहस्थ आले होते. डोक्यावर टोपी, हातात कातडी मोजे, जुन्या गाड्यांच्या क्लबचे अध्यक्ष. बुटकीची बातमी यांच्यापर्यंत कशी गेली कोण जाणे, वकीलबाईंचंच काम असणार. गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि प्रत्येक फेरीला "अस्सल... अस्सल..." म्हणत होते. आम्ही त्यांचं नाव अस्सलच ठेवलं.

"मॅडम, हिचा एक स्क्रूसुद्धा बदलू नका. तुमच्या हातात काय आहे याची तुम्हाला कल्पना नाही."

"कल्पना आहे म्हणूनच आणली."

"एप्रिलच्या पहिल्या रविवारी आमची घाटाची फेरी असते. ही अस्सल ठेवलीत, तर सगळ्यांच्या पुढे लावतो."

सगळ्यांच्या पुढे! घाट, सकाळ, मागे सगळ्या चकचकीत मोठ्या गाड्या आणि पुढे बुटकी. मी सांगून टाकलं की अस्सलच ठेवणार. फक्त ब्रेक नवीन घालणार, डिस्कचे, आणि सीटचे पट्टे. त्यांनी नाक मुरडलं. मी म्हटलं, "ब्रेकच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. लोकांची पोरं वाहिलीत मी." शेवटी म्हणाले, चाकांच्या आड आहेत, दिसणार नाहीत, चालेल.

ठोक्याला सांगितलं, बघ, तुझी ती मूठ लावली असती तर हा मान गेला असता. ठोक्या म्हणाला, "हो ना." त्याचं हो ना ऐकलं की दोन ठेवून द्याव्याशा वाटतात.

२९ जानेवारी

घोळ सापडला! गाडीची डावी बाजू बसकी आहे.

रंग खरवडून झाल्यावर पत्रा उघडा पडला, तेव्हाच मला मागून बघताना काहीतरी खटकत होतं. आज उजव्या बाजूला पुठ्ठा धरून दाराच्या कडेपासून मागच्या काचेच्या जागेपर्यंतचा आकार कापून घेतला. तोच पुठ्ठा उलटा करून डावीकडे लावला. डावीकडे बोटभर कमी! खांब आत झुकलेला, मडगार्डचा उतारही वेगळा.

म्हणजे हिने डाव्या बाजूला कधीतरी मार खाल्लाय आणि कुणी नीट सरळ केली नाही. ठोक्याला फोन केला, ये आणि उजवीसारखी कर.

१ फेब्रुवारी

आज ठोक्याशी कडाक्याचं भांडण.

तो डाव्या पत्र्यावर बोटाच्या पेराने ठोकत राहिला, जणू दार उघडायला कुणी येणार आहे. "ताई, मार खाल्लेल्या पत्र्याचा आवाज मऊ येतो. हा बघ कसा खणखणीत आहे. याला कुणी हात लावलेला नाही."

"मग बोटभर कमी कशी?"

"ते मला नाही सांगता येणार. मी जन्मभर साच्यातल्या गाड्या केल्या. पण हा पत्रा खोटं बोलत नाही."

"पत्रा बोलतो आणि बहीण बोलते ते ऐकू येत नाही तुला. एक बाजू चांगली आहे, एक बिघडलीय. बिघडलेली चांगलीसारखी करायची, यात कसला आलाय विचार?"

त्याने माझ्या पायाकडे बघितलं. मग पुठ्ठा घेऊन उगाच गाडीपाशी काहीतरी कापाकापी करत बसला, आणि शेवटी हातोडी उचलली. दिवसभर ठाकठूक. संध्याकाळी पुठ्ठा डावीकडे असा बसला की आतून प्रकाशाची रेघ दिसेना.

शेवटी ऐकलंच माझं.

७ फेब्रुवारी

इंजिन आलं. त्याच घराण्यातलं, पण नंतरचं आणि जरा दमदार. मूळचं तर आतून विरघळल्यासारखं झालं होतं, त्याला अस्सलसुद्धा काही करू शकले नसते. सांगायचं नाही त्यांना. तारा सगळ्या नवीन. पुढचे ब्रेक बसले.

शिंपीबुवा आज टेप घेऊन आले. "खुर्चीवर बस," म्हणाले. कमरेपासून गुडघ्यापर्यंत मोजलं, गुडघ्यापासून टाचेपर्यंत मोजलं, दोन्ही पाय. मग म्हणाले, गाडीत बसल्यासारखी बस. बसले. परत मोजलं.

"काय शिवताय?"

"पँट."

बरंय. गाडी चालवायला पँट लागेलच.

१७ फेब्रुवारी

लिहायची इच्छा नाही, तरी लिहिते.

मागची काच फुटली. बाबांनी ती काढून घोंगडीत गुंडाळून इतकी वर्षं जपून ठेवली होती. आज रबर लावून बसवायला घेतली. उजवीकडे अलगद बसली. डावीकडे जाईना. ठोक्या म्हणाला, "थांब, काढू या." मी म्हटलं, दाब. "ताई, काच आहे." मी म्हटलं, पत्रा सरळ आहे, काच सरळ आहे, न बसायला काय झालं, दाब! तो दाबेना, म्हणून मीच तळहाताने दाबली.

आवाज फार मोठा झाला नाही. नुसता पाऊस पडल्यासारखी खाली आली, साबुदाण्याएवढे दाणे. सीटच्या जागी, माझ्या केसांत, ठोक्याच्या शर्टात.

अशी दुसरी काच मिळणं शक्य नाही. अस्सलांना फोन केला, त्यांनी "अरे देवा" म्हणून फोनच ठेवून दिला.

ठोक्या झाडू आणून दाणे गोळा करत राहिला. भांडला असता तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी

सकाळपासून जिन्यातल्या स्टुलावर बसून होते. वर जावंसं वाटेना, खाली जावंसं वाटेना. शिंपीबुवा चहा घेऊन आले आणि वरच्या पायरीवर बसले. हातात कुणाचा तरी अर्धा शिवलेला कोट.

म्हणाले, "इतकी वर्षं शिवतोय, पण दोन्ही खांदे सारखे असलेलं एक गिऱ्हाईक नाही आलं माझ्याकडे."

मी म्हटलं, "आता हे कुठून काढलंत?"

"हा कोट बघ. डावा खांदा जरा पडका आहे साहेबांचा. उजवा मोजून डावाही तसाच कापला, तर पाठीत चुणी पडते. म्हणून मी दोन्ही बाजू मोजतो."

"आणि गिऱ्हाइकाला काय सांगता? तुमचा खांदा पडलाय?"

"सांगायचं कशाला? कोट बसला की झालं." चहा माझ्या हातात दिला. "ती गाडी पण माणसांनीच शिवलीय ना?"

नंतर मी खाली गेले. आतलं अस्तर काढलेलं आहे, त्यामुळे पत्र्याची आतली बाजू दिसते. टॉर्च धरला. उजवीकडे हातोडीच्या खुणा बारीक, चिकटून चिकटून. डावीकडे, ठोक्याचा हात लागला नाही तिथे, मोठ्या, ऐसपैस. उजवी बाजू एकाने केली, डावी दुसऱ्याने! तो चिकट होता, हा मोकळ्या हाताचा. दोघांनी मिळून एक गाडी केली, आणि ती काच त्या दोघांच्या मधोमध बरोब्बर बसत होती. बाबांनी काढेपर्यंत बसत होती. मग मी आले, पुठ्ठा घेऊन.

रडू आलं. रागाने आलं की कशाने, ते माहीत नाही.

२१ फेब्रुवारी

ठोक्याला फोन केला. म्हटलं, ती मूठ बसव.

२८ फेब्रुवारी

त्या दिवशी फोनवर ठोक्या "उद्या येतो" म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच येऊन दारात उभा.

डावी बाजू परत होती तशी करायची म्हटलं, तर आता मूळ माप कुठून आणायचं? मी हात टेकले होते. ठोक्याने पिशवीतून पुठ्ठा काढला. डाव्या बाजूचा! त्या दिवशी हातोडी उचलायच्या आधी कापून ठेवला होता.

"म्हणजे मी चुकतेय हे तुला माहीत होतं?"

"नाही. पण तुझा स्वभाव माहीत होता."

मी त्याच्या पाठीत एक धपका घातला आणि मग त्याला पोटभर जेवायला वाढलं.

आठवडाभर पत्रा तापवून, थंड करून, एके ठिकाणी कापून पुन्हा जोडून त्याने डावी बाजू जागेवर आणली. काचेच्या जागी आता जाड पारदर्शक प्लॅस्टिक. त्याचं माप मात्र शिंपीबुवांनी काढलं. त्यांनी अख्ख्या भोकावर पातळ कापड ताणलं, टाचण्यांऐवजी चिकटपट्ट्या लावल्या, खडूने कड मारली, आणि डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा वेगवेगळ्या खुणा केल्या. ठोक्याने रंगाच्या भट्टीत प्लॅस्टिक मऊ करून वाकवलं. लावलं. बसलं! कुणी दाबायला लागलं नाही.

दोघं मेहुणे-मेहुणे एकमेकांकडे बघून असे हसत होते, जसं काही गाडी त्यांचीच आहे.

क्लचचं पॅडल काढलं. ते गेलं तिथे भोक राहिलं, ठोक्याने पट्टी ठोकून बंद केलं. पॅडल माझ्या हातात दिलं. एवढंसं, तळव्याएवढं.

५ मार्च

अस्सल आले. आधी मागचं प्लॅस्टिक बघितलं. मग दारातून वाकून गिअरच्या दांड्यावरची मूठ बघितली. टोपी काढली, जणू कुणी गेलंय.

"मॅडम, हे तुम्ही काय केलंत?"

"मला चालवता येईल अशी केली."

"पण ही चालवण्यासाठी नाहीच! ही जपण्यासाठी आहे. एक चालक ठेवायचा, अस्सल पॅडल ठेवायचं, तुम्ही शेजारी बसायचं."

"शेजारी?"

"हो. शोभून दिसलं असतं."

शोभून! डोकंच फिरलं माझं. म्हटलं, "साहेब, ज्यांनी ही केली त्यांना दोन बाजू सारख्या करता आल्या नाहीत, आणि त्यांनी त्याची लाज बाळगली नाही. चालेल अशी केली आणि दिली सोडून. त्यांच्याहून अस्सल तुम्ही कुठून आलात?"

"क्लबच्या फेरीत ही घेता येणार नाही."

"नका घेऊ. घाट काय क्लबने बांधलाय?"

ते निघाले तेव्हा मी पॅडल आणून त्यांच्या हातात ठेवलं. "मूळ वस्तू आहे. जपा."

घेतलं त्यांनी! मोज्याने पुसून खिशात टाकलं.

१२ मार्च

रंग झाला. दाराच्या आतल्या कडेला सापडला तोच, कच्च्या पिस्त्यासारखा. गल्ली परत गॅलरीत. वकीलबाई खाली उतरून आल्या आणि आरशात स्वतःला बघून गेल्या.

शिंपीबुवांनी सीटा शिवून दिल्या. त्यांनी गाडीची सीट कधी शिवलेली नाही, कौतुक करायला हवं. पण इथे खरं लिहिते, ड्रायव्हरची सीट वाकडी झालीय. शेजारची सरळ आहे, माझी मात्र डावीकडे पुढे उतरती आणि मागे फुगीर, शिवणसुद्धा तिरकी गेलीय. डोळे अधू झाले बिचाऱ्यांचे. मी काही बोलले नाही. ठोक्या म्हणाला, "मस्त झालीय," तोही मनाचा मोठेपणा. बसायला मात्र झकास आहे, पाय अजिबात अवघडत नाही. हल्लीचा फोम चांगला येतो.

पँट अजून दिली नाही.

१८ मार्च

चालली! गल्लीत, मग मोठ्या रस्त्यावर, मग बाजारामागच्या मोकळ्या मैदानात. मूठ आवळायची, त्याच हाताने दांडा सरकवायचा, मूठ हळूच सोडायची. मनगट दुखून आलं. चारदा बंद पडली. एका भाजीवाल्याने विचारलं, "धक्का मारू का?" मी म्हटलं, "तू तुझी भाजी बघ."

खरा त्रास मनगटाचा नाही, डाव्या पायाचा आहे. तो ऐकतच नाही. थांबायचं म्हटलं की आपला पुढे जातो आणि नसलेलं पॅडल दाबतो. इतक्या वर्षांची सवय. एरवी जिना चढताना हलत नाही, आणि इथे याला उत्साह!

बऱ्याच दिवसांनी त्याच्यावर हसले.

२६ मार्च

आज चाचणी. आधी शेवट लिहिते: लायसन मिळालं.

आता नीट. निरीक्षक तरुण, उंच, गाडीत बसताना त्यांना तीन घड्या घालाव्या लागल्या. गुडघे हनुवटीला. मुठीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे काय?"

"क्लच."

"हे नियमात नाही."

"नियमात गाडी थांबवता, चालवता, वळवता आली पाहिजे असं आहे. कशाने, ते लिहिलंय का?"

ते परत घड्या उलगडून आत विचारायला गेले. मी स्टिअरिंगला धरून बसले. बाहेर शिंपीबुवा आणि ठोक्या भिंतीला टेकून उभे, दोघांचे चेहरे माझ्याहून वाईट. निरीक्षक परत आले, म्हणाले, "चला, बघू."

आणि पहिल्याच थांब्याला माझा शहाणा डावा पाय पुढे गेला आणि पट्टीवर आपटला. गाडी हिसका देऊन बंद.

संपलं, असं वाटलं. खरंच वाटलं. मग म्हटलं, "साहेब, हा जुना पाय होता. त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. आता मी चालवते."

ते हसले की नाही ते बघितलं नाही. मूठ आवळली आणि निघाले. अरुंद बोळातून उलटी नेली, मागच्या प्लॅस्टिकमधून सगळा बोळ स्वच्छ दिसत होता, डावीकडची कडसुद्धा. शेवटी चढण. चढणीवर थांबवायला लावली. मागे एक ट्रक येऊन चिकटला. हँडब्रेक, मूठ, हळू, हळू, इंजिनाचा आवाज बदलला की सोडायचं. बुटकी एक केसभरही मागे आली नाही! ट्रकवाल्याने हॉर्न वाजवला. वाजव, बाबा, वाजव.

निरीक्षकांनी लिहिलं. मग म्हणाले, "बाई, मी पास केलंय, पण फक्त हातक्लचच्या गाडीसाठी. दुसरी गाडी चालवता येणार नाही."

"बस?"

"बस नाही."

ते मला ठाऊक होतं. डॉक्टर बोलले तेव्हापासून ठाऊक होतं. पण कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं, आणि मीही कुणाला म्हणू दिलं नव्हतं. बाहेर येऊन गाडीत बसले आणि रडले, चांगली रडले. ती पिवळी बस, माझ्या मागे गोंगाट करणारी पोरं, आरशात दिसणारे त्यांचे केस. ते गेलं. गेलंच ते. शिंपीबुवा शेजारी येऊन बसले. खिशातून कापडाची चिंधी काढून दिली, शिंप्याकडे रुमाल कुठला.

मग नाक पुसलं आणि म्हटलं, पट्टा लावा. ठोक्याला जागा नाही, तो चालत येईल.

५ एप्रिल, रविवार

आज अस्सलांची घाटाची फेरी होती. पायथ्याला कमान, झेंडे, चकचकीत गाड्या, प्रत्येकीवर नंबर. आम्ही त्यांच्या बाजूने गेलो. बिननंबरी. एक मुलगी आईला म्हणाली, "ती बघ, ती बघ!" अस्सल झेंडा हातात धरून उभे होते. मी हात केला. त्यांनी केला नाही, पण बुटकी वळेपर्यंत बघत होते. बघणारच. छपराचा तो उतार कुणालाही बघायला लावतो, डावीकडून जरा जास्तच.

घाटात शिंपीबुवा माझ्या शेजारी पुढे बसले ते जन्मात पहिल्यांदा. बसमध्ये कधी चढले तर मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचे. पहिल्या वळणाला दाराची कडी धरली. दुसऱ्या वळणाला म्हणाले, "हळू."

"ही हळूच आहे."

तिसऱ्या वळणानंतर दरी उघडली, खाली नदी, आणि मागून क्लबच्या पहिल्या मोठ्या गाडीचा आवाज यायला लागला. शिंपीबुवांनी मान वळवून मागच्या प्लॅस्टिकमधून बघितलं. स्वतः कापलेल्या खिडकीतून. कडी सोडली.

म्हणाले, "मग जोरात घे."

घेतली! मूठ, तिसरा गिअर, मूठ, दुसरा, नवीन इंजिनाने अशी डरकाळी फोडली की घाट दणाणला. डावा पाय आपला गप्प, सीटच्या उतारावर पडून, त्याला आता काही काम नाही आणि त्याची त्याला तक्रारही नाही. ती मोठी गाडी आम्हाला वरपर्यंत गाठू शकली नाही. ती रमतगमत येत होती असं म्हणायचं तर म्हणोत बापडे.

माथ्यावर ठोक्या आधीच मोटरसायकलवर येऊन थांबला होता. म्हणाला, "ताई, सीटची शिवण तिरकी दिसते, उसवून सरळ करून घेऊ का कुणाकडून?" हे म्हणताना मेहुण्याकडे बघून डोळे का मिचकावत होता, कोण जाणे. मी सांगितलं, सीटला जो हात लावेल त्याचा हात मोडीन. वाकडी तर वाकडी. मला तीच पाहिजे.

परत येताना आठवलं म्हणून शिंपीबुवांना विचारलं, "अहो, ती माझी पँट कधी देणार?"

"दिली की."

"कधी?"

"वापरतेयस की रोज," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

घरी येऊन सगळं कपाट उपसलं. पँट नाही. मापं घेतली, दिवस घालवले, आणि शिवायचं विसरले, वर दिली म्हणतात. वय झालं आता. उद्यापासून त्यांच्याकडे नीट लक्ष द्यायला हवं. कुठे जायचं असेल तर टॅक्सीने जाऊ देणार नाही, मीच सोडीन.